पाण्यातल्या कीटकांच्या अंड्यांचं कवच: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई आणि आसपासच्या महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, पावसाळ्यात ओढ्यांवर फिरणारे निसर्गप्रेमी आणि सोसायटीच्या टाक्यांची चिंता असलेले रहिवासी यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. सोपे आधी, किचकट नंतर घेतले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. कीटकाच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं चुन्याचंच असतं ना?

नाही. कोंबडीच्या अंड्याचं टरफल म्हणजे जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगरमध्ये ठेवलं की फसफसून विरघळतं. कीटकाच्या अंड्याचं कवच प्रथिनांचं असतं आणि ती प्रथिनं एकमेकांना रासायनिक बंधांनी घट्ट जखडलेली असतात. या कवचाला कोरिऑन म्हणतात. झुरळाच्या पाठीच्या कवचात कायटीन असतं म्हणून अंड्यातही कायटीन असेल असं अनेकांना वाटतं, पण कोरिऑन कायटीनचं नसतं. कायटीन असलेला एक थर अंड्यात तयार होतो खरा, पण तो नंतर आणि आतून येतो (प्रश्न ११).

२. हे कवच बनवतं कोण? अंडं घातल्यावर ते बनतं का?

अंडं घालण्याच्या कितीतरी आधी, मादीच्या अंडाशयातच. वाढत्या अंडपेशीभोवती फॉलिकल पेशींचं एकपदरी अस्तर असतं. बलक भरून झाला की या पेशी आतून बाहेर एकेक थर ओततात आणि काम संपलं की झडून जातात. मागे त्यांचा ठसा उरतो. स्टोनफ्लाय या ओढ्यात वाढणाऱ्या कीटकाच्या अंड्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखे जे षट्कोन दिसतात, त्यातला एकेक षट्कोन म्हणजे एकेका पेशीचा शिक्का. कडा उंच असतील तर दोन पेशींमधल्या फटीत माल जास्त साचला असं समजायचं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या बऱ्याच अडचणींचं मूळ इथेच आहे: कवच टप्प्याटप्प्याने बनतं, आणि अर्धवट बनलेलं अंडंही मादीच्या पोटात सापडतं (प्रश्न १७).

३. कवचाला एकूण थर किती? पुस्तकागणिक आकडा बदलतो.

बदलतो, कारण नावं देण्याची पद्धत एकसारखी नाही. ढोबळ रचना अशी: सगळ्यात आत बलकाला लगटून व्हायटेलाइन पडदा, त्यावर एंडोकोरिऑन, सगळ्यात बाहेर एक्झोकोरिऑन. बऱ्याच कीटकांत पडद्याच्या वर मेणाचा अतिशय पातळ लेप असतो, तो पाणी अडवतो. एंडोकोरिऑन कधी भरीव असतं, तर कधी खाली फरशी, वर छत आणि मध्ये खांब अशी त्याची बांधणी असते. खांबांमधली जागा हवेसाठी. याखेरीज अंड्यावर चिकट, जेलीसारखा लेप असू शकतो. काही लेखक तो एक्झोकोरिऑनमध्ये धरतात, काही वेगळा मोजतात.

प्रकल्पात लिहिताना नुसतं 'एक्झोकोरिऑन' लिहून मोकळे होऊ नका. 'बाहेरचा दाणेदार थर', 'मधला भरीव थर' असं वर्णनही द्या. शब्दावरून वाद झाला तरी वर्णन टिकतं.

४. अंडाशयातच कवच कडक झालं, तर शुक्रजंतू आत शिरतो कसा?

त्यासाठी कवचात आधीच भोक ठेवलेलं असतं. त्याला मायक्रोपाईल म्हणतात. अंडं बाहेर येताना शुक्रजंतू साठवलेल्या पिशवीच्या तोंडावरून जातं आणि त्या क्षणी फलन होतं. मायक्रोपाईल म्हणजे नुसतं छिद्र नाही, कवचाच्या जाडीतून जाणारी बारीक नळी असते.

बहुतेक कीटकांत ती अंड्याच्या पुढच्या टोकाला असते. चतुर आणि त्याचा सडपातळ भाईबंद टाचणी यांच्या अंड्याला तिथे छोटं टोकच आलेलं दिसतं. स्टोनफ्लायचं मात्र वेगळं. पर्लिडी कुळात मायक्रोपाईल एकाहून जास्त असतात आणि सहसा अंड्याच्या कमरेवर किंवा तिच्या जवळपास ओळीने बसलेले असतात. मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या, प्रौढपणी अल्पायुषी कीटकातही ते बहुधा कमरेच्या पट्ट्यात सापडतात. म्हणून टोकाकडचा एक फोटो काढून 'मायक्रोपाईल नाही' असा निष्कर्ष काढायचा नाही. अंडं फिरवून पाहावं लागतं.

काही मेफ्लाय माद्यांची अंडी नराशिवायही वाढतात. तरीही त्यांच्या कवचात मायक्रोपाईल असतात.

५. स्टोनफ्लायच्या अंड्याला 'नांगर' असतो म्हणतात. तो कुठे असतो आणि काम कसं करतो?

स्टोनफ्लायची मादी अंड्यांचा गोळा पोटाच्या टोकाशी बाळगून ओढ्यावर येते आणि टोक पाण्याला टेकवते किंवा गोळा वरून सोडते. पाणी लागताच गोळा सुटतो, अंडी विखुरतात आणि तळाकडे जातात. वाहत्या पाण्यात अर्ध्या मिलिमीटरहून लहान वस्तू जागेवर राहणं अवघड असतं. अंडं वाहत जाऊन डोहाच्या गाळात पडलं तर गुदमरतं. म्हणून धरून राहण्याची सोय कवचातच असते.

पर्लिडीच्या पक्क्या अंड्याचं मागचं टोक पाहा. तिथे कवचाची कड गोल उभी राहून कॉलर तयार झालेली असते. कॉलरच्या आत नांगराची चकती असते, बटणासारखी किंवा छत्रीच्या टोपीसारखी, आणि तिच्यावर चिकट पदार्थ. कोरडा असेपर्यंत तो आक्रसलेला राहतो. पाणी शोषलं की फुगतो, पसरतो आणि ज्या दगडाला टेकेल त्याला धरतो. कॉलरमुळे हा भाग अंडाशयात आणि अंडनलिकेत घासला जात नाही.

इथे एक चूक वारंवार होते. मादी पकडल्यावर शेपटीचा गोळा आधी पाण्यात बुडवून 'मोकळा' केला जातो. मग अंडी काचेला चिकटतात, सोडवताना नांगर तुटतो, आणि अहवालात 'नांगर नसलेली अंडी' अशी नोंद होते. गोळा कोरडाच ठेवून थेट ८० टक्के अल्कोहोलमध्ये टाका. आणि नांगर गळालेला असला तरी कॉलर शाबूत असते. कॉलर दिसली की तिथे नांगर होता असं धरून चाला.

६. म्हणजे सगळ्या स्टोनफ्लायची अंडी अशीच जाड कवचाची?

नाही. उत्तर गोलार्धातल्या स्टोनफ्लायचे दोन मोठे गट आहेत. पर्लिडी, पर्लोडिडी, टेरोनार्सिडी वगैरे कुळांचा गट म्हणजे सिस्टेलोग्नाथा. यांचं कवच जाड, टणक, नक्षीदार आणि बहुधा नांगर असलेलं. दुसरा गट युहोलोग्नाथा: नेमुरिडी, कॅप्नीडी, ल्यूक्ट्रिडी ही कुळं. यांचं कवच पातळ आणि मऊ. नांगर नाही; अंडं सगळ्या अंगाने चिकट लेपात गुंडाळलेलं असतं.

याचा प्रत्यक्ष कामावर परिणाम होतो. पर्लिडीच्या अंड्यावरची नक्षी जातीची ओळख पटवायला उपयोगी पडते, नेमुरिडीच्या अंड्यातून तेवढं हाती लागत नाही. आणि पातळ कवचाची अंडी वाळवताना हमखास चिरमटतात (प्रश्न १५).

आपल्याकडे द्वीपकल्पीय भारतात भेटणाऱ्या स्टोनफ्लाय प्रामुख्याने पर्लिडीतल्या, त्यातही निओपर्ला वंशातल्या. या वंशात बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या जाती पुष्कळ आहेत. नर जननेंद्रियांवरून ओळखता येतात. मादीच्या बाबतीत तिच्या पोटातल्या अंड्याइतका भरवशाचा दुवा क्वचितच मिळतो.

७. पाण्याखाली अंड्याला श्वास कसा मिळतो? कवच जाड असेल तर गर्भ गुदमरत नाही का?

ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारावा वेग त्याला पाण्यात मिळतो. शिवाय पाण्यात तो असतोच थोडा: २० अंशांच्या ओढ्यात लिटरला जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांच्या डबक्यात साडेसात. त्यामुळे अंड्यापुढे दोन मार्ग उरतात.

पहिला मार्ग वाहत्या पाण्याचा. प्रवाह अंड्याभोवतीचं वापरलेलं पाणी सतत बदलत राहतो आणि ऑक्सिजन कवचातून झिरपत आत जातो. स्टोनफ्लायची अंडी याच मार्गाची. म्हणूनच त्यांना स्वच्छ, थंड, खळाळतं पाणी लागतं. गाळाचा पातळ थर अंड्यावर बसला तरी झिरपण्याचं अंतर वाढतं, आणि कवच कितीही मजबूत असलं तरी उपयोग होत नाही. शहरातल्या नद्यांच्या खालच्या टप्प्यात स्टोनफ्लाय दिसत नाहीत त्याला हेही एक कारण आहे.

दुसरा मार्ग म्हणजे कवचातच हवेचा साठा. कवचाच्या पृष्ठभागावर पाणी झिडकारणारी इतकी बारीक जाळी असते की पाणी तिच्यात शिरू शकत नाही. जाळीत अडकलेला हवेचा पातळ पडदा बुडाल्यावरही टिकतो आणि पाण्यातला ऑक्सिजन ओढून आत देतो. याला प्लास्ट्रॉन म्हणतात. आतल्या पोकळीशी जोडणाऱ्या छिद्रांना एअरोपाईल. ब्रिस्टल विद्यापीठातले हॉवर्ड हिंटन यांनी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कीटकांची असंख्य अंडी पाहून या रचनेचा सविस्तर अभ्यास केला.

गंमत अशी की प्लास्ट्रॉन कायम पाण्याखाली राहणाऱ्या अंड्यांपेक्षा, कधी कोरडी आणि कधी बुडालेली राहणाऱ्या अंड्यांत जास्त आढळतो. पावसात भिजणाऱ्या, शेणात किंवा ओढ्याच्या काठावर घातलेल्या अंड्यांना त्याची खरी गरज. पाण्यातला कीटक म्हटला की प्लास्ट्रॉन असणारच, असं गृहीत धरू नका.

आणि एअरोपाईल आणि मायक्रोपाईल यांची गल्लत नको. एक हवेसाठी, दुसरं शुक्रजंतूसाठी. एअरोपाईल पुष्कळ असू शकतात आणि कवचाच्या पोकळीत उघडतात. मायक्रोपाईलची नळी थेट व्हायटेलाइन पडद्यापर्यंत पोचते.

८. तलावातल्या पाणवनस्पतीच्या देठातून पांढरे केस बाहेर आलेले दिसले. बुरशी आहे का?

जोडीजोडीने असतील तर ते बहुधा रानात्राचं, म्हणजे काडीसारख्या लांबट पाणविंचवाचं काम. मादी अंडं देठात खुपसते आणि प्रत्येक अंड्याची दोन श्वसनशिंगं बाहेर राहतात. नेपा आणि लॅकोट्रेफीस या रुंद पाणविंचवांच्या अंड्यांना दोनाहून जास्त शिंगं असतात. ही शिंगं कवचाचाच वाढलेला भाग. त्यांच्यावर प्लास्ट्रॉनची जाळी असते आणि आत हवेने भरलेला जाळीदार गाभा.

जवळच पाठीवर अंड्यांची फरसबंदी केलेला किडा फिरताना दिसला तर तो डिप्लोनिकस या पाणढेकणाचा नर. मादी त्याच्या पंखांवर अंडी चिकटवते. तो ती कधी पाण्याखाली नेतो, कधी पृष्ठभागाशी आणतो. पूर्ण बुडवून ठेवली तर अंडी गुदमरतात, पूर्ण बाहेर ठेवली तर सुकतात. नरापासून अंडी खरवडून बाटलीत वाढवण्याचा प्रयत्न म्हणूनच फसतो.

९. मेफ्लायच्या अंड्याला दोरे असतात ते काय?

तेही नांगरच, वेगळ्या घडणीचे. अनेक मेफ्लायच्या अंड्यांवर टोकाला गाठ असलेले गुंडाळलेले धागे असतात. पाण्यात पडलं की गुंडाळी सुटते आणि गाठ शेवाळात, दगडाच्या खाचेत अडकते. काहींना टोकाला धाग्यांची टोपी असते, काहींना नुसता चिकट थर.

मेफ्लायचा एक मोठा फायदा विद्यार्थी वाया घालवतात. प्रौढ मादी बहुधा एखाद-दोन दिवसांत, कधी काही तासांतच मरते, त्यामुळे ती मिळणं अवघड. पण शेवटच्या अवस्थेतल्या, पंखांच्या पिशव्या काळ्या पडलेल्या अळीच्या पोटात कवचासह तयार अंडी असतात. अळी आणि प्रौढ एकाच जातीचे आहेत का, हे त्यावरून जुळवता येतं.

अपवाद: क्लोइऑन डिप्टेरम या जातीची मादी अंडी पोटातच वाढवते आणि ती पाण्यात पडताच पिल्लं बाहेर येतात. तिथे नांगर शोधण्यात वेळ घालवू नका.

१०. पार्किंगमध्ये चतुर गाडीच्या बॉनेटवर शेपटी आपटत होते. नंतर रंगावर डाग पडले. संबंध आहे का?

आहे. चकचकीत गडद रंगावरून परावर्तित होणारा ध्रुवित प्रकाश पाण्यासारखाच असतो, त्याला चतुर फसतात आणि बॉनेटवर अंडी घालतात. ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा चांगलाच तापतो. कवचाच्या प्रथिनांत गंधकयुक्त सिस्टीन असतं. उष्णतेने त्यापासून गंधकाची आम्लं तयार होतात आणि ती रंगावरचा पारदर्शक लेप खातात. ब्राझीलमध्ये याचा रासायनिक अभ्यास झाला आहे. अंडी वाळण्याआधी भरपूर साध्या पाण्याने धुवा, कोरड्या फडक्याने घासू नका.

पाण्यात पडलेल्या चतुराच्या अंड्याभोवती जेलीचा लेप फुगतो आणि त्यावर मातीचे कण चिकटतात. टाचणी आपली लांबोळी अंडी वनस्पतीच्या आत खुपसते, तिला या जेलीची गरज पडत नाही.

११. पिंप रिकामं करून महिनाभर कोरडं ठेवलं, पाणी भरताच डासांच्या अळ्या! अंडी सुकून मेली नाहीत का?

एडिसची असतील तर नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती पाण्यात अंडी सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या भिंतीला एकेक चिकटवतो. घातल्यावर अंडं पांढरं असतं, दोनेक तासांत काळं होतं. त्या वेळी ते सुकवलं तर चिरमटून मरतं. पुढच्या साधारण अर्ध्या दिवसात गर्भाभोवतीच्या सेरोसा पेशी कोरिऑनच्या आतून आणखी एक थर देतात. हाच तो कायटीन असलेला थर. एकदा तो पक्का झाला की पाणी बाहेर जाणं जवळजवळ थांबतं आणि अंडं कित्येक महिने कोरडं राहू शकतं.

हा थर अ‍ॅनोफिलीस आणि क्युलेक्स या डासांमध्येही बनतो, पण त्यांची अंडी इतकी टिकत नाहीत. कोरड्यात अ‍ॅनोफिलीसचं अंडं साधारण एखादा दिवस तग धरतं, क्युलेक्सचं काही तासच. म्हणजे नुसता थर असणं पुरेसं नाही, त्याची जाडी आणि घडण आणि वरच्या कोरिऑनची साथही लागते.

करायचं काय? पिंप उपडं करून भागत नाही. आतल्या भिंती, विशेषतः पाण्याची रेघ उमटलेला पट्टा, काथ्याने किंवा कडक ब्रशने घासा. धुतलेलं पाणी दुसऱ्या भांड्यात न ओतता कोरड्या जमिनीवर किंवा मोरीत टाका. मनी प्लँटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी यांनाही हेच लागू. आठवड्यातून एकदा करा. एकदाच करून थांबू नका, कारण एकाच वेळी घातलेली सगळी अंडी पहिल्या भिजण्याला फुटत नाहीत, काही पुढच्या खेपेसाठी राहतात.

१२. पाण्याच्या टाकीतला मलेरियाचा डास अंड्यावरून ओळखता येतो म्हणतात. खरं?

खरं. अ‍ॅनोफिलीसच्या अंड्याच्या दोन्ही बाजूंना एक्झोकोरिऑनचे हवेने भरलेले फुगे असतात, होडीच्या दोन्ही अंगांना बांधलेल्या तराफ्यांसारखे. त्यांच्यावर आडव्या कड्या असतात. मुंबईतला शहरी मलेरियाचा वाहक अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्साय गच्चीवरच्या टाक्या आणि विहिरींत वाढतो. त्याचे तीन प्रकार या कड्या मोजून वेगळे केले जातात: 'टाइप' प्रकारात १४ ते २२ कड्या, 'इंटरमीडिएट'मध्ये १२ ते १७, 'मायसोरेन्सिस'मध्ये ९ ते १५. शहरात रोग पसरवण्यात टाइप प्रकार पटाईत, मायसोरेन्सिस हा ग्रामीण आणि वाहक म्हणून दुबळा.

आकडे एकमेकांवर चढलेले आहेत हे पाहिलंत? १४ किंवा १५ कड्यांचं एक अंडं तिन्ही प्रकारांत बसतं. म्हणून एका अंड्यावर निकाल देऊ नका. रक्त प्यायलेली एक मादी एका कुपीत ओल्या गाळणकागदावर एकटी ठेवा, तिने घातलेल्या निदान दहा अंड्यांच्या एका बाजूच्या कड्या मोजा, आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा घ्या. दोन माद्यांची अंडी मिसळली की सगळं मुसळ केरात.

क्युलेक्सच्या अंड्यांना फुगे नसतात. ती शे-दोनशेच्या संख्येने उभी चिकटून तराफा बनवतात आणि अळी खालच्या टोकाचं झाकण उघडून थेट पाण्यात उतरते.

१३. मुंबईत राहून नमुने कुठून मिळवायचे?

पाणविंचू, पाणढेकूण, चतुर, टाचणी यांसाठी कडेला वनस्पती असलेलं कुठलंही तळं चालतं. स्टोनफ्लायसाठी सह्याद्रीतले खडकाळ, स्वच्छ, वाहते ओढे गाठावे लागतात. रात्री ओढ्याकाठी पांढरा पडदा लावून दिवा ठेवला तर निओपर्ला उजेडाला येतात.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा कुठल्याही अभयारण्यात एक अळीसुद्धा परवानगीशिवाय उचलू नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ तिथे लागू आहे. अर्ज वनविभागाकडे, महाविद्यालयाच्या पत्रासह, आणि पुरेसा आधी करा.

१४. साध्या सूक्ष्मदर्शकाने काय दिसतं? पद्धत सांगा.

बरंच दिसतं, आणि सुरुवात इथूनच करावी. मादी ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेली असावी. फॉर्मलिनमध्ये अंडी ठिसूळ होतात. पोटाच्या बाजूला बारीक कात्रीने छेद द्या, सुईने दहा-पंधरा अंडी अलगद काढा. जननेंद्रियं स्वच्छ करायला पोटॅशियम हायड्रॉक्साईड वापरणार असाल तर अंडी त्याआधी काढून घ्या. हायपोक्लोराइट, म्हणजे घरगुती ब्लीच, कधीच नको. त्यात कोरिऑनच विरघळतं.

अंडी आधी निम्मं पाणी मिसळलेल्या ग्लिसरीनमध्ये, मग शुद्ध ग्लिसरीनमध्ये न्या. एकदम नेली तर आतलं पाणी ओढलं जाऊन अंडं खचतं. आच्छादन-काचेखाली काचेचे तुकडे टेकू म्हणून द्या, नाहीतर अंडं चपटं होतं आणि मापं चुकतात. ४० पटीवर आकार, १०० ते ४०० पटीवर षट्कोन, कॉलर आणि मायक्रोपाईलची रांग पाहा. नेत्रकाचेतली मोजपट्टी प्रत्येक भिंगासाठी स्टेज मायक्रोमीटरवर लावून घ्या; त्याचा एक भाग सहसा १० मायक्रॉन असतो. निदान दहा अंडी मोजा, आणि लांबी नांगरासह की नांगराशिवाय ते लिहा.

१५. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी अंडी कशी तयार करायची? आमची प्रत्येक वेळी पिचतात.

पहिली पायरी स्वच्छता. चिकट लेप राहिला तर त्याखाली नक्षी दडते आणि फोटोत गुळगुळीत गोळा दिसतो. अल्कोहोलमध्येच अल्ट्रासॉनिक टाकीत ५ ते १० सेकंद, पाहून हवं तर पुन्हा. सलग मिनिटभर ठेवलं तर नांगर उडतो. नांगर हवा असेल तर काही अंडी न धुता वेगळी ठेवा.

मग ७०, ८०, ९०, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये प्रत्येकी १० मिनिटं आणि शुद्ध अल्कोहोलमध्ये दोनदा. पर्लिडीची जाड कवचाची अंडी यानंतर हवेत वाळवली तरी बहुधा आकार धरतात. पातळ कवचाची धरत नाहीत: उडून जाणाऱ्या द्रवाचा पृष्ठताण कवच आत खेचतो. त्यांच्यासाठी क्रिटिकल पॉइंट ड्रायर वापरा. तो नसेल तर हेक्सामिथिलडायसिलाझेन: अल्कोहोलमध्ये एक तृतीयांश, दोन तृतीयांश, मग शुद्ध, प्रत्येकी १५ ते २० मिनिटं, आणि रात्रभर धूरकपाटात (फ्यूम हूडमध्ये) उडू द्या. वास घ्यायचा नाही, हातमोजे घालायचे.

कार्बन टेपवर अंडी किमान तीन तऱ्हांनी बसवा: आडवी, कॉलर वर, झाकण (पिल्लू बाहेर पडतं ते टोक) वर. १५ ते २० नॅनोमीटर सोन्याचा मुलामा द्या. गोल अंड्याच्या पोटाखाली सोनं पोचत नाही आणि तिथे विद्युतभार साचून चित्र पांढरं फटफटीत होतं. अशा वेळी स्टब (नमुना बसवायची धातूची चकती) तिरपा करून पुन्हा मुलामा द्या किंवा व्होल्टेज ५ किलोव्होल्टपर्यंत उतरवा.

१६. मुलामा दिलेली अंडी जूनमध्ये ठेवली, ऑगस्टमध्ये खराब. का?

मुंबईची हवा. पावसाळ्यात वाळवलेलं कवच पुन्हा ओल शोषतं, किंचित फुगतं आणि सोन्याला भेगा पडतात. टेपही सुटते. स्टब हवाबंद डब्यात, निळ्या सिलिका जेलवर ठेवा, आणि जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा निळं करा. शक्यतो मुलामा आणि फोटो एकाच दिवशी उरका. बाकी अंडी अल्कोहोलमध्येच राहू द्या. दर दोन-तीन महिन्यांनी कुपीची पातळी पाहा.

१७. एकाच मादीच्या पोटात दोन तऱ्हेची अंडी मिळाली. दोन जाती मिसळल्या का?

एकाच मादीच्या पोटात दोन जातींची अंडी असणं शक्य नाही. तुम्हाला पक्की आणि कच्ची अंडी मिळाली आहेत. कच्च्या अंड्यावर षट्कोन ठळक पण उथळ, कॉलर अर्धवट, रंग फिकट, आणि कधी फॉलिकल पेशींचं अस्तर तसंच चिकटलेलं. पक्कं अंडं पर्लिडीत सहसा पिवळसर तपकिरी ते तपकिरी, टोचलं तर सुईला विरोध करणारं, नांगरासह.

हा दोष साधा वाटतो, पण त्याने चुकीची नावं पडली आहेत. नुकत्याच कात टाकलेल्या मादीची कच्ची अंडी पाहून वेगळ्या जातीचं वर्णन करणं सहज घडतं. अंडनलिकेतली अंडी घ्या, अंडाशयाच्या टोकाकडची नकोत. शेपटीशी गोळा असलेली मादी सगळ्यात भरवशाची. ती नसेल तर अहवालात 'अंडी अपक्व असण्याची शक्यता' हे स्पष्ट लिहा आणि जातीचं नाव देऊ नका.

१८. थर मोजायला काप घ्यायचे आहेत, पण अंडं कापण्याजोगं घट्ट करणारं रेझीन आत जातच नाही.

जाणार नाही. पाणी आणि रसायनं अडवणं हेच कवचाचं काम. २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (०.१ मोलर बफर, पीएच ७.२ ते ७.४) टाकताच प्रत्येक अंड्याला बारीक टंगस्टन सुईने एक छिद्र पाडा, ज्या भागाचे काप हवेत त्याच्या विरुद्ध बाजूला. मग १ टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइड. हे डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला घातक आहे, धूरकपाटाबाहेर बाटली उघडू नका. रेझीन पातळ, स्पर प्रकारचं घ्या आणि भरायला तास नव्हे, दोन-तीन दिवस द्या. नुसत्या कवचाचे थर हवे असतील तर अंडं अर्धं कापून बलक धुऊन टाका. निम्मी अडचण तिथेच संपते.

काप तिरका गेला की थर खऱ्याहून जाड दिसतात. जाडी कवचाला काटकोनात गेलेल्या कापावरच मोजा.

१९. दगडाला चिकटलेली रिकामी कवचं मिळाली. त्यांचा काही उपयोग?

आहे. कोरिऑन पिल्लू बाहेर पडल्यावरही काही काळ टिकतं आणि नक्षी तशीच असते. आधी फुटलेली कड पाहा. ठरलेल्या रेघेवर सरळ तुटलेलं झाकण, किंवा लांबीला गेलेली नीट चीर असेल तर पिल्लू सुखरूप बाहेर पडलंय. कड वेडीवाकडी आणि कवच चुरगळलेलं असेल तर कुणीतरी ते खाल्लंय. आणि भलत्याच जागी कुरतडल्यासारख्या कडेचं बारीक गोल भोक असेल, तर आतून गर्भाऐवजी परजीवी गांधीलमाशी निघाली आहे. टाचणीच्या आणि पाणभुंग्यांच्या अंड्यांत हे दिसतं. यातल्या काही गांधीलमाश्या अंडी शोधायला पाण्याखाली पोहतात. अशी कवचं फेकू नका, वेगळ्या कुपीत तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा.